पंढरपूरच्या ग्रंथदुकानात जायचंय: पारायणासाठी १५ ज्ञानेश्वऱ्या कशा पारखून घ्याव्यात?

खानापूरची वाचक

रामकृष्ण हरी. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात माघात ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण असतं. वाचणारे पंधरा, आणि पुस्तकं चार-पाच प्रकाशनांची. एकाच्या पुस्तकात ओवी पुढं, दुसऱ्याच्या मागं, कुठं शब्दच वेगळा. त्यामुळं सूर तुटतो आणि पुन्हा मागं यावं लागतं. यंदा मंडळानं १० हजार रुपये काढलेत आणि खरेदीचं काम माझ्याकडं दिलंय.

पंढरपूरच्या ग्रंथदुकानांत तासभर निवांत उभं राहून पुस्तकं चाळायची फार वर्षांची इच्छा आहे. ती या निमित्तानं पुरी होतेय, म्हणून रिकाम्या माहितीनं जायचं नाही. विचारायचं ते असं:

कोणती प्रत घ्यावी, मूळ की सार्थ? दुकानात पुस्तक हातात आल्यावर नेमकं काय तपासायचं? आमच्यातले चौघे वाचक कन्नड आणि इंग्रजी माध्यमात शिकलेले आहेत, देवनागरी येते पण सावकाश. त्यांना कोणती छपाई सोपी जाईल? पैसे उरले तर गाथा, एकनाथी भागवत, गुरुचरित्र यांतलं आधी काय घ्यावं? एवढी पुस्तकं गावापर्यंत आणायची कशी? आणि आमच्याकडच्या पावसात ती टिकवायची कशी?

टाळकरी, निपाणी

ताई, पहिल्यांदा एकच गोष्ट पक्की करा: पंधराही पुस्तकं एकाच प्रकाशनाची आणि एकाच आवृत्तीची. बाकी सगळं त्याच्या नंतर. अक्षर थोडं बारीक असलं तर चालवून घेता येतं, पण पाठ वेगळा असला की पंधरा जणांचं वाचन एका तोंडानं होणारच नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे दुकानदाराशी बोलायला सोपं जाईल. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० ची. हाताने नकला होत गेल्या आणि त्यात पाठभेद शिरले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये प्रत शुद्ध केली आणि यात कुणी स्वतःची ओवी घालू नये म्हणून बजावून ठेवलं. अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवल्यासारखं होईल, असे त्यांचे शब्द आहेत. आज वारकरी वाचनात चालतात त्या प्रती या शुद्ध केलेल्या परंपरेतल्या. साखरे महाराजांच्या परंपरेची प्रत आणि सोनोपंत दांडेकरांनी संपादलेली प्रत, या दोन सगळ्यात जास्त दिसतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रत निराळी आहे. तिची भाषा जुन्या वळणाची आहे. अभ्यासाला ती मोलाची, पण पारायणाच्या रांगेत एकाच्या हातात ती आली तर तो माणूस पहिल्या अध्यायापासून चुकत राहतो. त्याचा दोष नसतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तुमच्या व्यासपीठ चालकांना, म्हणजे पारायण पुढं बसून चालवणाऱ्यांना, विचारा की ते कोणती प्रत वाचतात. त्यांचं पुस्तक मागून घ्या आणि तीन पानांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या: आतलं शीर्षकपान (प्रकाशक, संपादक, आवृत्ती असलेलं), तेराव्या अध्यायाचं शेवटचं पान आणि अठराव्याचं शेवटचं पान. दुकानात पुस्तक उघडून हेच जुळवायचं. वारकरी प्रतींत बारावा अध्याय २४७ ओव्यांचा, तेरावा ११७० चा, पंधरावा ५९९ चा येतो. सगळी ज्ञानेश्वरी नऊ हजारांवर. अध्यायाच्या शेवटचे हे आकडे जुळले तर ओळ जुळण्याची शक्यता मोठी. आकडा दोन-चारनं जरी मागंपुढं दिसला तरी ती प्रत बाजूला ठेवा.

मूळ की सार्थ, यावर माझं मत स्पष्ट आहे. वाचकांच्या हातात मूळ, आणि मंडळाच्या कपाटात सार्थ दोन. सार्थ पुस्तकात ओवीखाली अर्थ असतो, डोळा तिथं घसरतो, पानं लवकर लवकर उलटावी लागतात आणि पुस्तक जड होतं. सात दिवसांत नऊ हजार ओव्या म्हणजे रोज सरासरी तेराशेच्या आसपास. एवढा वेळ जाड पुस्तक सांभाळत बसायचं म्हणजे मान आणि मनगट दोन्ही धरतं. घरी मननाला मात्र सार्थच हवी.

मूळ घेताना गीतेचे श्लोक मध्ये छापलेत का ते बघा. काही स्वस्त प्रतींत श्लोक गाळलेले असतात किंवा नुसता क्रमांक असतो. व्यासपीठावरून श्लोक म्हणून झाला की खाली कुठून उचलायचं ते वाचकाला सापडत नाही.

आणि ओवी चार ओळींत छापलेली घ्या. दोन ओळींत दाबून छापलेली प्रत कमी पानांत बसते, स्वस्तही पडते, पण सामुदायिक वाचनात चरणाच्या शेवटी श्वास घ्यायची जागा डोळ्याला दिसली पाहिजे. चौघा तरुण वाचकांसाठी तर हे फारच गरजेचं आहे. त्यांना अडतं ते ‘ऱ्ह’ला आणि ‘तैसें, जाहलें, म्हणौनि’ यांच्या अनुस्वारांना. शब्द सुटे छापलेले असतील तर पहिल्या दोन दिवसांत त्यांची जीभ बसते. त्यांना आधी बारावा अध्याय रोज एकदा मोठ्यानं वाचायला लावा. २४७ ओव्या म्हणजे एका बैठकीत होतो.

जुजबांधणी

तपासणीचं मी सांगतो. पुस्तकाचा दम बांधणीत आणि छपाईत असतो, कव्हरवर नाही. सोनेरी ठसा आणि विठोबाचं चकचकीत चित्र बघून घाई करू नका.

पुस्तक टेबलावर आडवं ठेवा, मधोमध उघडा आणि हात काढा. ते उघडं राहिलं पाहिजे. आपोआप मिटत असेल तर ती नुसत्या गोंदानं चिकटवलेली, म्हणजे परफेक्ट बाइंडिंगची असण्याची शक्यता जास्त. पारायणात पुस्तक सात दिवस रोज तासन् तास उघडं राहतं. असं पुस्तक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेराव्या अध्यायापाशी दुभंगतं, कारण तो पुस्तकाच्या मध्यावर येतो आणि तिथं सुका गोंद तडकतो. तुम्हाला हवी ती जुजबांधणी: छापील कागदाच्या घड्या, म्हणजे जुजा, दोऱ्यानं एकमेकींना शिवलेल्या. पाठीच्या वरच्या कडेला डोळा लावून बघा. गोलसर घड्या एकीला एक लागून दिसल्या, आणि घडीच्या मधल्या पानावर पांढरा दोरा दिसला, की शिवलेलं आहे. सरळ कापलेल्या कडा आणि गोंदाची पिवळट पट्टी दिसली तर चिकटवलेलं.

आता फॉर्म्यांचं, म्हणजे त्याच छापील घड्यांचं. बहुतेक ग्रंथ १६ पानांच्या फॉर्म्यात छापतात. म्हणजे नवा फॉर्मा १, १७, ३३, ४९, ६५ या पानांवर सुरू होतो. बऱ्याच छापखान्यांत त्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो फॉर्म्याचा नंबर. बांधताना चूक झाली तर ती एका पानाची नसते, सोळा पानांची असते. एखादा फॉर्मा गळतो, किंवा तोच दोनदा पडतो आणि पुढचा राहतो, किंवा उलटा बांधला जातो. म्हणून नुसती पानं फरफर उलटून भागत नाही. १६ च्या पाढ्यानं जा: १६ नंतर १७, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९, ६४ नंतर ६५. प्रत्येक सांध्यावर पान क्रमांक आणि ओवी क्रमांक दोन्ही लागून येतात का ते बघायचं. ८०० पानांच्या पुस्तकात असे ४९ सांधे. सवय झाली की एका पुस्तकाला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणजे पंधरा पुस्तकांना दीड तास धरा. दुकानदाराला आधीच सांगा की पारायणाचा संच आहे, प्रत्येक प्रत बघून घेणार. यात संकोच करण्यासारखं काही नाही. सप्ताहात चौथ्या दिवशी सोळा पानं कोरी निघाली तर तो वाचक काय करणार?

हो, कोरी पानंही निघतात. छपाईच्या वेळी दोन कागद एकत्र ओढले गेले की एक बाजू छापायची राहते. ती चूक सांध्यावर सापडत नाही. त्यासाठी अंगठ्यानं पानं सोडत एकदा सबंध पुस्तक बघावंच लागतं.

छपाईत बघायचं ते अनुस्वार आणि रफार. जुन्या शिळाछापाची किंवा खिळ्यांच्या छपाईची पानं फोटो काढून पुन्हा छापलेली असतात. त्यात बारीक ठिपके आणि मात्रा उडतात. ‘जें’चं ‘जे’ होतं, ‘मीं’चं ‘मी’ होतं. इतर पुस्तकात हे खपून जाईल. जुन्या मराठीत तो अनुस्वार विभक्ती दाखवतो, म्हणजे ठिपका गेला की अर्थ हलतो. उजेडात एक पान धरा आणि वीस ओव्यांत किती मात्रा तुटल्यात ते मोजा. दोन-तीनच्या वर असतील तर नको. नव्यानं अक्षरजुळणी केलेली प्रत याहून स्वच्छ दिसते, पण तिच्यात दुसरा दोष असू शकतो: ‘घ’च्या जागी ‘ध’, ‘भ’च्या जागी ‘म’. नववा आणि बारावा अध्याय बऱ्याच जणांना पाठ असतो, तो तिथंच उभ्यानं वाचून बघा. चूक असली तर कानाला कळते.

कागद ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, चांगला. पानाखाली बोट ठेवलं आणि मागच्या बाजूची अक्षरं दिसली तर कागद पातळ आहे. संध्याकाळच्या वाचनाला दिव्याखाली दोन्ही बाजूंची अक्षरं एकात एक मिसळतात. फार पांढरा चकचकीत कागदही नको, ट्यूबलाइटमध्ये डोळ्यावर येतो. किंचित पिवळसर बरा. अक्षर १८ पॉइंटच्या पुढं असलं की साठीपुढच्या वाचकांना चष्म्यासकट सुखाचं. दुकानात उभं राहून नका ठरवू. पुस्तक ठेवायच्या छोट्या लाकडी स्टँडवर (त्यालाही व्यासपीठच म्हणतात) ठेवतात तेवढ्या अंतरावर, म्हणजे डोळ्यापासून दीड हातावर धरून बघा. दुकानात घडीची लाकडी व्यासपीठं मिळतातच, त्यातलंच एक समोर ठेवा. व्यासपीठ घेणार असाल तर दोन्ही फळ्या एकमेकींत अडकतात तिथला खाचा बघा. तिथं लाकूड चिरलेलं असेल तर जड पुस्तकानं मोडतं.

आणि पंधरा नको, सतरा घ्या. दोन राखीव. चार वर्षांनी एखादी प्रत खराब झाली तर तीच आवृत्ती मिळेल याची खात्री नसते. प्रकाशकानं नवी अक्षरजुळणी केली की पान क्रमांक बदलतात.

मिरज लाइन

जाण्यायेण्याचं. खानापूरहून किंवा बेळगावहून रेल्वेनं घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरज. तिथून पंढरपूरची गाडी किंवा सांगोल्यावरून एसटी. परत येताना वजन असेल, म्हणून मिरजेला दोन गाड्यांत तासाभराचं अंतर ठेवा. खोकी घेऊन पूल चढायचा म्हणजे वेळ जातो. बसनं जाणार असाल तर लक्षात ठेवा, बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट कर्नाटकाच्या साध्या बसला कर्नाटकातल्या प्रवासापुरतं. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ते महाराष्ट्राच्या हद्दीत.

दिवस निवडताना आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्या आणि कुठलीही एकादशी टाळा. वारीत दुकानाच्या दारात उभं राहायला जागा नसते आणि दीड तास पुस्तकं तपासू द्यायला दुकानदारालाही सवड नसते. मार्गशीर्षातला मधल्या वारचा दिवस उत्तम. सकाळी लवकर दर्शन, मग महाद्वार आणि प्रदक्षिणा मार्गावरची दुकानं. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिन) आसपास प्रवास ठेवू नका. सीमाभागात वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवरच्या कोगनोळीपाशी थांबतात, आणि हातात खोकी असताना ते फार अवघड जातं. माघातल्या पारायणासाठी डिसेंबरअखेर पुस्तकं घरात हवीत, म्हणजे दोष निघाला तर बदलून घ्यायला वेळ राहील.

वजनाचा हिशोब: साधारण १४ बाय २१ सेंटिमीटरचं, ८०० पानी, ७० जीएसएमचं पुठ्ठ्याचं पुस्तक एक किलोच्या आसपास भरतं. ग्रंथाकार मोठं असेल तर दीड किलोच्या वर. म्हणजे सतरा प्रती १७ पासून ३० किलोपर्यंत कुठंही. एका खोक्यात १०-१२ किलोच्या वर भरू नका, तळ फाटतो. पुस्तकं आडवी ठेवायची, एकाची पाठ डावीकडं, वरच्याची उजवीकडं. सगळ्यांच्या पाठी एकाच बाजूला आल्या की ढीग कलतो आणि पुठ्ठे वाकतात. उभी कधीच भरू नका. गाडीच्या हादऱ्यानं आतला ठोकळा बांधणीतून खाली उतरतो. खोक्यात आधी प्लॅस्टिकचा कागद, मग पुस्तकं, आणि रिकाम्या जागेत रद्दीचे बोळे.

नेणं जमणार नसेल तर पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे, १ मे २०२५ पासून सुरू झालेली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक छापील पुस्तकांसाठीच आहे. सुरू झाली तेव्हाचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. एका पाकिटाची कमाल मर्यादा ५ किलो. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं. मासिकं चालत नाहीत. पुस्तकांच्या पाकिटात तुळशीमाळ, बुक्का, टाळ असलं काही घालू नका, मग ते ज्ञान पोस्टात बसत नाही. पाकीट रस्त्यानं आणि रेल्वेनं जातं, त्यामुळं थोडे दिवस लागतात, पण नंबरवरून कुठं आहे ते कळतं.

पुस्तकावर जीएसटी नाही, तो शून्य आहे. बिलात लावलेला दिसला तर विचारा. व्यासपीठ, टाळ यांचं बिल वेगळं करून घ्या. मंडळाच्या नावानं पक्कं बिल आणि त्यावर आवृत्तीचं वर्ष लिहून घ्या. सदोष प्रत बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी ठरवायचं.

खानापूरची वाचक

फार उपयोगाचं मिळालं. सतरा प्रतींचं पटलं. गाथेचं आणि गुरुचरित्राचं कुणी सांगेल का? सासूबाईंना गुरुचरित्र हवं आहे. गाथा कीर्तनकारांच्या सोयीसाठी मंदिरात ठेवायची आहे.

गाथेकरी

अक्का, मंदिरासाठी आधी गाथा. एकनाथी भागवत थोरच, पण ३१ अध्याय आणि अठरा हजारांवर ओव्या. ते वाचणारं मंडळ वेगळं बसवावं लागतं. गाथा उद्यापासून वापरात येईल.

तुकोबांच्या गाथेत घोळ असतो तो अभंगांच्या क्रमांकांचा. सरकारी गाथेत ४६०७ अभंग आहेत. तिचा पाया १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघालेली गाथा. जोग महाराजांची सार्थ गाथा आणि देहूच्या परंपरेच्या गाथा यांत संख्या आणि क्रम वेगळे. त्यामुळं कीर्तनकार ‘अमुक नंबरचा अभंग काढा’ म्हणाले आणि तुमच्या पुस्तकात तिथं दुसराच निघाला, असं होणारच. उपाय सोपा आहे. शेवटी अकारादी सूची, म्हणजे अभंगाच्या पहिल्या ओळीची यादी, असलेलीच गाथा घ्या. दुकानात सूचीतले पाच अभंग उचला आणि दिलेल्या पानावर ते निघतात का ते बघा. छपाई बदलली आणि सूची जुनीच ठेवली, असं घडतं, आणि मग ती गाथा हाताशी असून नसल्यासारखी. मंदिराला एक सार्थ आणि एक मूळ पुरे.

सरकारी गाथा पंढरपूरच्या दुकानांपेक्षा कोल्हापूरच्या शासकीय ग्रंथागारात विचारावी. नामदेवांची गाथाही शासनानं काढलेली आहे. तुमची वाट मिरजेवरून असेल तर त्यासाठी वाकडी वाट करू नका, निपाणीकडचं कुणी कोल्हापूरला जाणारं असेल त्याला सांगा. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ पासूनची. त्यांची मराठी ज्ञानेश्वरी, दासबोध, भागवतही मिळतं, किंमत फार कमी आणि बांधणी बरी. घरोघरी द्यायला ती उत्तम. त्यांच्या पुस्तकांवर ग्रंथाकार, पुस्तकाकार, मझला असे आकार लिहिलेले असतात. मझला म्हणजे मध्यम. ते पिशवीत राहतं, पण व्यासपीठावर ठेवून वाचायला लहान पडतं.

गुरुचरित्राची अध्यायसंख्या आधी सासूबाईंना विचारा. ५१, ५२ आणि ५३ अध्यायांच्या प्रती आहेत. सप्ताहाचे रोजचे मुक्काम त्यावर ठरतात. त्या आतापर्यंत ५२ ची वाचत असतील आणि तुम्ही ५३ ची आणली तर रोजचा क्रम मोडेल आणि त्यांना रुखरुख लागेल. ढवळे प्रकाशनाची रा. कृ. कामतांनी संपादलेली प्रत पुष्कळ घरांत आहे, तिच्यात वाचनाचे नियम आणि रोजचा विभाग दिलेला आहे. त्यांची जुनी प्रत असेल तर शीर्षकपानाचा फोटो घेऊनच जा. वाटेत नरसोबाची वाडी गाठता आली तर तिथं दत्तसंप्रदायाची पुस्तकं जास्त मिळतात. हे ओवीबद्ध चरित्र रचणारे सरस्वती गंगाधर मूळ कानडी मुलखातले, तरी ग्रंथ मराठीत. आपल्या भागातल्या माणसाला याचं अप्रूप वाटायला हवं.

त्याच न्यायानं एक सुचवतो. तुमच्या चौघा कन्नड शाळेतल्या मुलांसाठी बेळगावातल्याच कन्नड पुस्तकांच्या दुकानातून पुरंदरदासांच्या पदांचं एखादं छोटं पुस्तक घ्या. त्यांची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. एकाच विठ्ठलाला दोन भाषांत हाक मारलेली मुलांनी शेजारी ठेवून वाचली की ओवीकडंही ती आपली म्हणून बघतात.

आणखी एक. हरिपाठ आणि काकडा-भजनाच्या छोट्या पुस्तकांचे २५-३० नग घ्या. सगळ्यात आधी फाटतात तीच. हरिपाठात कुठं २७ अभंग, कुठं २८. शेवटचा फलश्रुतीचा धरायचा की नाही एवढाच फरक आहे, पण इथंही सगळे नग एकाच छपाईचे हवेत.

पावसाकडची

साठवणीचं लिहिते, कारण खरेदीइतकंच ते महत्त्वाचं आहे. कणकुंबी, जांबोटीकडं जून ते सप्टेंबर भिंतीतून ओल येते. जांभ्या दगडाची भिंत पाणी धरून ठेवते. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं पुढं ओढा आणि खाली विटा द्या. लोखंडी कपाटाला पावसाळ्यात आतून घाम येतो. लाकडी बरं, पण वाळवीचं बघून. लोखंडीच असेल तर फळीवर पुठ्ठा घाला आणि पुस्तकं गच्च कोंबू नका, दोन पुस्तकांत बोट शिरेल एवढी हवा ठेवा.

पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. ओल आत कोंडते आणि बुरशी पुठ्ठ्याखाली धरते, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. खाकी कागद किंवा सुती कापड. लाल खारव्याचा रुमाल बांधायची जुनी रीत आहे ती याचसाठी, पण नवा खारवा आधी दोनदा धुऊन रंग काढा, नाहीतर ओलीत कडांना लाल डाग पडतात.

कसर येते ती गोंदाच्या आणि खळीच्या वासानं. कपाटाच्या प्रत्येक फळीवर वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण कडकडीत वाळवून, ओलसर पाल्यानंच बुरशी येते. पान फाटलं तर सेलोटेप लावू नका. दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडते, अक्षर खाते आणि काढताना कागद सोलून निघतो. पातळ जपानी कागद किंवा साधा पतंगी पांढरा कागद आणि मैद्याची पातळ खळ, त्यात चिमूटभर मोरचूद. बांधणीवाले तेच वापरतात. मोरचूद विषारी आहे, खळ मुलांपासून लांब ठेवा आणि भांडं स्वयंपाकाचं घेऊ नका.

पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका, पानं चुरगळून कडक होतात. उभं करून पानं पंख्यासारखी उघडा, पंख्याखाली ठेवा, दर वीस-पंचवीस पानांत कोरा शोषक कागद घाला आणि तासातासानं बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सगळी पुस्तकं एकदा सावलीत काढून, उघडून, मऊ सुती कापडानं पुसून परत ठेवायची.

प्रत्येक प्रतीच्या आतल्या पुठ्ठ्यावर १ ते १७ क्रमांक पेन्सिलीनं घाला आणि वाचकाला दरवर्षी तोच क्रमांक द्या. ज्याच्या हातात पुस्तक सात दिवस असतं तोच त्याचं सैल पान ओळखतो.

खानापूरची वाचक

सगळ्यांचे आभार. यादी करून ठेवलीय. व्यासपीठ चालकांकडून तीन पानांचे फोटो घेतले. तेराव्याचा शेवट ११७० च आहे. एक राहिलं: जुन्या वेगवेगळ्या प्रतींचं काय करावं? काहीजण नदीत सोडा म्हणतात.

जुजबांधणी

नदीत नको. पुठ्ठ्याचा गोंद आणि शाई पाण्यात जाते, आणि पुस्तक तळाशी कुजत पडतं, त्यात ग्रंथाचा मान कसला? आधी वेगळ्या करा. ज्यांची फक्त पाठ सुटलीय त्या बांधणीवाल्याकडं द्या. ठोकळा शाबूत असेल तर नव्या पुठ्ठ्यात पुन्हा शिवून मिळतात. फॉर्मे गळालेल्या प्रतींतले धड अध्याय सुटे करून पातळ पुस्तिका बांधून घ्या. बारावा, पंधरावा असे एकेक अध्याय तरुण वाचकांना घरी सरावाला होतात. पाठ वेगळा असेल तर पुस्तिकेवर तसं लिहून ठेवा, म्हणजे ती पारायणाच्या दिवशी चुकून रांगेत येणार नाही. आणि त्यांतली एखादी १९५० च्या आधीची छपाई निघाली तर ती कुणाला देऊ नका, शीर्षकपान आणि शेवटचं पान बघून मगच ठरवा. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थेत दाखवून घ्या. ती संस्था १८४८ ची, तिथं जुन्या छपाईची कदर आहे.